पाय थांबतात तिथून पुढे

बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक वैशाखात निघते आणि रात्रभर चालून पहाट झाली तरी रेंगाळत असते. त्या मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी माझे एक काम ठरलेले असते. शहापुरातल्या आमच्या घरी माजघरातल्या लाकडी पेटीवर धुतलेला पंचा अंथरायचा, त्यावर सगळ्या लेन्स ओळीने मांडायच्या आणि त्यांपैकी कोणत्या घरी ठेवून जायच्या ते ठरवायचे. माझ्याकडे २०, ३५, ५० आणि ८५ मिलिमीटरच्या निकॉनच्या चार प्राइम, म्हणजे एकाच आकड्यावर पक्क्या असलेल्या, लेन्स आहेत, शिवाय ७० ते ३०० पर्यंत बदलता येणारा ७०-३०० चा एक झूम आहे. त्यांची वजने मला तोंडपाठ आहेत: ३५५, ३०५, १८५, ३५० आणि ७४५ ग्रॅम. बॅटरी घातलेल्या कॅमेऱ्याचे ८४० ग्रॅम त्यात मिळवले की पावणेतीन किलोंच्या वर जाते. पहिल्या दोन मिरवणुकांना मी हा सगळा संसार खांद्यावर घेऊन गेले होते आणि दोन्ही वेळा पहाटे घरी येऊन फोटो पाहिले तेव्हा लक्षात आले की, बॅग उघडताना आणि मिटताना माझ्यासमोरून जे निघून गेले, तेच मला खरे टिपायचे होते.

फोकल लेंथ, म्हणजे लेन्सवरचा हा मिलिमीटरचा आकडा. हा शब्द ऐकला की अनेकांना ती केवळ जवळ-लांब दाखवण्याची सोय वाटते. शाळेत आपण त्याला नाभीय अंतर म्हणत होतो आणि मिलिमीटरचा आकडा वाढला की दृश्याचा कोन आकसतो, एवढे पाठ केले तरी परीक्षेपुरते भागत होते. हातात कॅमेरा आल्यावर मला कोनापेक्षा एक साधे गणित जास्त उपयोगी पडले. कॅमेऱ्यात ज्यावर चित्र उमटते तो सेन्सर, माझ्यासारख्या पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यात, ३६ मिलिमीटर रुंद असतो. त्या ३६ ला फोकल लेंथने भागावे आणि आलेल्या उत्तराला समोरच्या वस्तूपर्यंतच्या अंतराने गुणावे, म्हणजे त्या अंतरावर किती रुंदीचा पट्टा फोटोत मावेल ते कळते. ३५ च्या लेन्सला हा भागाकार जवळजवळ एक येतो, म्हणजे मी तीन मीटरवर उभी असेन तर साधारण तीन मीटर रुंदीचे दृश्य मिळते. ५० ला तेच सव्वादोन मीटरांच्या आत येते, ८५ ला सव्वा मीटर उरते आणि २० ला जवळजवळ साडेपाच मीटर मावते. ज्यांच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, म्हणजे साधारण २४ मिलिमीटर रुंदीचा आहे, त्यांनी ३६ च्या जागी २४ धरावेत. माझे पाऊल पाऊण मीटरचे आहे हे मी एकदा अंगणात टेपने मोजून घेतले आणि तेव्हापासून हा हिशेब मी पावलांत करते.

हा हिशेब हाताशी आल्यावर माझा प्रश्नच बदलला. पूर्वी मी विचारत असे की, उद्या काय काय दिसेल. आता मी विचारते की, उद्या माझे पाय कुठे थांबतील. जिथे पुढे-मागे जायला मोकळी जागा आहे तिथे एकाच लेन्सने बराच वेळ निभावते. जिथे भिंत, दरी, गर्दी किंवा विस्तव पायांना अडवतो तिथे मात्र नेमकी तीच लेन्स लागते आणि दुसरी चालत नाही. मग बॅग भरताना फक्त या अडणाऱ्या जागा आठवायच्या.

मिरवणुकीतली अडणारी जागा कोणती, हे बेळगावच्या जुन्या गल्ल्या पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. मारुती गल्लीत किंवा गणपत गल्लीत बंद दुकानाच्या पायरीवर पाठ टेकवून उभे राहिले की समोरून ट्रॅक्टरची ट्रॉली तीन मीटरवरून जाते. त्या ट्रॉलीवर मंडळाच्या मुलांनी उभा केलेला जिवंत देखावा असतो. पुठ्ठ्याचा बुरूज, त्याखाली बसलेले मावळे, कपाळाला गंध लावलेला, मिशी चिकटवलेला बारा-तेरा वर्षांचा शिवाजी, आणि मागे आवाजाची भिंत. मागे सरकावे तर शटर, पुढे जावे तर चाक. ५० ची लेन्स लावली की बुरूज तरी कापला जातो किंवा मावळे तरी. २० ने सगळा चित्ररथ येतो, पण कडेला बसलेल्या पोराचे डोके बाहेरच्या बाजूला ओढल्यासारखे लांबट होते आणि ज्या चेहऱ्यासाठी आपण थांबलो तो मधल्या गर्दीत सुपारीएवढा उरतो. ३५ ने तीन मीटरांत तीन मीटर मिळतात, म्हणजे चित्ररथाचा अर्धाअधिक भाग आणि त्यात ओळखू येणारी माणसे. पूर्ण चित्ररथ येत नाही हे मी आता मनापासून मान्य केले आहे. ज्या फोटोत संपूर्ण चित्ररथ आहे त्यापेक्षा, संवाद विसरलेल्या मावळ्याकडे तोंड न हलवता डोळ्यांनी खूण करणारा छोटा शिवाजी ज्या फोटोत आहे, तो मंडळाच्या मुलांनी मागून नेला आणि फ्रेम करून शाखेच्या भिंतीवर लावला.

आमच्या मामांचे वडगावात चार यंत्रमाग आहेत. शहापूर, वडगाव, खासबाग हा विणकरांचा भाग. दुपारच्या वेळी गल्लीतून चालले तरी दोन्ही बाजूंच्या घरांतून मागांचा खडखडाट पायांखाली जाणवतो. मामांच्या शेडमध्ये दोन मागांच्या मधली वाट एका माणसाला आडवे होऊन जाता येईल एवढीच आहे. पहिल्यांदा मी तिथे ८५ घेऊन गेले, कारण आडवा धागा नेणारा धोटा आणि ताण्याचे उभे धागे जवळून घ्यावेत अशी माझी कल्पना होती. मामा माग थांबवून ओरडले, “तो पट्टा गळ्यात आवळून घे गं आधी, आणि ओढणी खोच. मागात गेली म्हणजे मग?” त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. त्यांच्या उजव्या हाताच्या करंगळीचे पेर मागानेच नेलेले आहे. मी पट्टा आवळला, ओढणी कमरेला खोचली आणि भिंतीला चिकटून उभी राहिले. मामांचा चेहरा माझ्यापासून सव्वा मीटरवर होता आणि ८५ ने त्या अंतरावर अर्ध्या मीटरची फ्रेम मिळते. चेहरा आला, पण माग गेला. मामांचा फोटो मागाशिवाय काढायचा तर तो घरी ओसरीवरही काढता आला असता.

दुसऱ्या खेपेला ३५ नेली. चेहरा, वाकलेला खांदा, तुटलेला धागा जोडणारी दोन बोटे आणि पलीकडे विणून होत आलेल्या साडीचे काठ, हे सारे एका फ्रेममध्ये बसले. शेडमध्ये एका ट्यूबलाइटचाच उजेड होता. कॅमेऱ्याचा पडदा १/६० सेकंद उघडा राहिला तेवढ्यात धोट्याची नुसती पांढरी रेघ उमटली आणि मामांची बोटे मात्र स्पष्ट आली, कारण गाठ मारताना ती क्षणभर अगदी स्थिर असतात. या फोटोत रिकामी राहिलेली करंगळीची जागाही दिसते. ती दिसावी म्हणून मी तो काढला नव्हता. पण ती दिसते आणि मामींनी तो फोटो पाहून बराच वेळ काही बोलणे टाळले.

एवढे वाचून कोणी म्हणेल की, मग ३५ एकच न्यावी आणि बाकीच्या जागा पायांनी भरून काढाव्यात. “पायांनी झूम करा” हा सल्ला नवशिक्यांना सगळीकडे मिळतो आणि मलाही मिळाला होता. त्यात अर्धेच तथ्य आहे. पायांनी पुढे गेल्यावर वस्तू मोठी होते हे खरे, पण त्याबरोबर तिच्या भागांचे एकमेकांशी असलेले प्रमाणही बदलते, आणि हे प्रमाण लेन्स ठरवत नाही, आपले अंतर ठरवते. माणसाच्या नाकाच्या टोकापासून कानापर्यंत साधारण दहा सेंटीमीटर धरा. कॅमेरा नाकापासून अर्ध्या मीटरवर असेल तर कान ६० सेंटीमीटरवर असतो आणि नाक त्याच्या तुलनेने वीस टक्के मोठे उमटते. तेच दोन मीटरवर गेलो तर हा फरक पाच टक्क्यांवर येतो. जवळून काढलेल्या फोटोत आपल्या माणसाचे नाक फुगलेले दिसते त्याचा दोष आपण लेन्सला देतो; पण दोष असलाच तर तो आपण कुठे उभे राहिलो त्याचा असतो. ३५ ने चेहरा भरून घ्यायचा तर मला अर्ध्या मीटरवर जावेच लागते, तर ८५ मला दीड-दोन मीटरवर उभे राहू देते आणि तिथून चेहरा जसा आपण पंगतीत समोर बसून रोज पाहतो तसा येतो. म्हणून लांब फोकल लेंथ ही माझ्या दृष्टीने आधी योग्य अंतरावर थांबण्याची मुभा आहे आणि मग लांबचे जवळ आणण्याची सोय.

ही गोष्ट मला मांड्यांनी शिकवली. बेळगावच्या लग्नात मांडे हवेतच, आणि आमच्या आत्यांचा हात त्यात असा आहे की, आजूबाजूच्या चार गल्ल्यांतून त्यांना बोलावणे येते. गेल्या मार्गशीर्षात चुलतबहिणीच्या लग्नासाठी परसात चूल मांडली होती. आत्या लाटलेली पोळी दोन्ही हातांवर घेतात, मनगटापासून कोपरापर्यंत ती अलगद फिरवत वाढवत नेतात आणि ती इतकी पातळ होते की, तिच्यातून पलीकडच्या चुलीचा जाळ दिसतो. मग ती उपड्या खापरावर पडते, क्षणभरात तिच्यावर फोड येतात, आणि गरम असतानाच पिठीसाखर घालून तिची घडी घातली नाही तर ती कडक होऊन मोडते. सगळे मिळून मिनिटभराचाही खेळ नाही. चुलीच्या दीड मीटर अलीकडे माझे पाय थांबत होते, कारण त्यापुढे धग चेहऱ्याला सोसत नव्हती आणि आत्यांच्या हातवाऱ्यात अडथळा आला असता. त्या दीड मीटरवरून ८५ ने मला साधारण ६३ सेंटीमीटर रुंदीची फ्रेम दिली, म्हणजे दोन्ही हात आणि त्यांच्यामध्ये ताणलेला मांडा. त्याबाहेरचे मंडपाचे खांब, प्लॅस्टिकच्या बादल्या, गॅसची टाकी, सारे आपोआप वगळले गेले. ३५ ने त्याच जागेवरून दीड मीटर रुंदीचे दृश्य आले असते आणि त्यात मांडा हा दहा वस्तूंपैकी एक झाला असता.

उजेडाची बाजूही इथे सांगायला हवी. परसात संध्याकाळ उतरली होती. माझ्या झूमवरही ८५ मिलिमीटर आहे, मग वेगळी लेन्स कशाला, असे मला घरातल्यांनी विचारले होते. प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचा, म्हणजे अ‍ॅपर्चरचा, आकडा जितका लहान तितके ते मोठे उघडते. झूम त्या टोकाला फार तर ४.५ च्या आसपास उघडतो, प्राइम १.८ ला उघडते, आणि अ‍ॅपर्चरच्या आकड्यांचा वर्ग करून भागाकार केला तर प्राइममधून सहापटींहून जास्त प्रकाश आत येतो. जिथे झूमला १/२५ सेकंद लागला असता आणि आत्यांचे हात धूसर झाले असते, तिथे मला १/१६० मिळाला. आमच्या भागातली जुनी कौलारू घरे, माजघरे, देव्हारे आणि मागांच्या शेड या सगळ्या अंधाऱ्या जागा आहेत. उघड्या माळावर फोटो काढणाऱ्याने झूम नेला तर त्यात काही चूक नाही. माझी माणसे मात्र सावलीत बसतात.

५० विषयी माझ्या मनात आदर आहे आणि तरी ती बॅगेत नसते. १९२५ मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला तेव्हा त्यावर ५० मिलिमीटरचीच लेन्स होती, आणि छायाचित्रणाची मोठी परंपरा त्या एका आकड्यावर उभी राहिली. पण ३५ आणि ८५ सोबत असताना, या दोन्हींनी भागणार नाही आणि ५० नेच भागेल अशी अडलेली जागा मला अजून सापडलेली नाही. खानापूरला कुंभारांच्या चाकासमोर मी दुपारभर ५० लावून बसले होते. मोकळे अंगण, चारही बाजूंनी फिरायची मुभा, कोणाची आडकाठी नाही. फोटो उत्तम आले. ३५ नेही ते आले असते, दोन पावले पुढे जाऊन.

लेन्स घरी ठेवण्याचा आणखी एक धडा मला सौंदत्तीला मिळाला. यल्लम्माच्या डोंगरावर पुनवेला भंडारा उधळतात. हवाच पिवळी होते, केसांत, पापण्यांत, पाण्याच्या बाटलीच्या झाकणात हळद जाते. त्या गर्दीत मी २० काढून झूम लावला. दहा सेकंद कॅमेऱ्याचे तोंड उघडे राहिले असेल. सेन्सरवर बसलेला कण फोटोत पिवळा दिसत नाही, त्याची करडी, मऊ कडांची सावली पडते, आणि तीही अ‍ॅपर्चर ११ किंवा १६ पर्यंत बारीक केले तरच. त्यामुळे त्या दिवशी मला काही कळले नाही. पुढच्या आठवड्यात येळ्ळूरच्या राजहंसगडावरून ढगांचे फोटो काढले तेव्हा प्रत्येक आकाशात एकाच ठिकाणी तीन डाग होते. फुंकणीने दोन गेले. तिसरा चिकटला होता, तो ओल्या पट्टीने पुसून घेईपर्यंत मला धड झोप लागली नाही. आता भंडारा, गुलाल, धुके किंवा पाऊस असेल तिथे मी घरूनच एक लेन्स लावून निघते आणि घरी येईपर्यंत ती काढत नाही. अशा दिवशी कोणती लेन्स न्यायची हा प्रश्न अधिक कडक होतो आणि म्हणूनच तो मला अधिक आवडतो.

लांबच्या झूमचे खरे स्थान गोकाकला कळते. घटप्रभा तिथे सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते आणि पावसाळ्यात पाणी तांबूस मातकट होऊन सबंध कडा व्यापते. दरी पायांना ठामपणे अडवते. पलीकडून अडीचशे मीटरांवरून पाहत असू तर ३५ मध्ये अख्खा धबधबा मावतो, पण ते चित्र दिनदर्शिकेवर शंभर वेळा पाहिलेले असते. २०० ला ४५ मीटरांचा पट्टा मिळतो, त्यात कड्यावरून सुटणारे पाणी, त्यातला एखादा काळा दगड आणि वरच्या बाजूला छत्री धरून उभा असलेला माणूस एकत्र येतात आणि त्या माणसामुळे पाण्याची उंची समजते. मात्र लांब लेन्सला हवा आडवी येते, हे दुकानात कोणी सांगत नाही. चोर्ल्याच्या घाटात जुलैमध्ये ३०० लावून पलीकडचा डोंगर ओढायला गेले तर फक्त राखाडी पडदा मोठा होऊन आला. फेब्रुवारीच्या दुपारी चिकोडीकडच्या उघड्या शेतांवर उन्हाची झळ तरंगते, तेव्हा दूरचा नांगरही वितळल्यासारखा हलतो आणि कितीही महागडी लेन्स ते सावरू शकत नाही. त्या वेळी सकाळी लवकर जाणे हाच उपाय.

पाय फक्त पुढे-मागेच थांबतात असे नाही. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती हे जैन मंदिर १२०४ चे, रट्ट राजांच्या काळातले. त्याच्या मंडपाच्या छतातून दगडी कमळ खाली लोंबते, पाकळीवर पाकळी, आणि खालून पाहणाऱ्याला वर चढायची सोय नाही. उभे राहून ३५ ने पाहिले तर कमळाच्या कडा कापल्या जात होत्या. मी २० आणली नव्हती म्हणून हळहळत होते, तेवढ्यात तिथे दर्शनाला आलेल्या एक वयस्कर बाई म्हणाल्या, “झोप की खाली, फरशी थंडगार आहे.” मी पाठीवर निजले. डोळ्यांपासून फरशीपर्यंतचे दीड मीटर मला अंतर म्हणून मिळाले आणि ३५ च्या हिशेबाने तेवढीच रुंदी फ्रेममध्ये वाढली. कमळ पूर्ण आले, भोवतीच्या नक्षीच्या पट्ट्यासकट. बाई माझ्या डोक्याशी उभ्या राहून छताकडेच पाहत होत्या. त्या म्हणाल्या की, लहानपणी त्या आईबरोबर येत तेव्हा त्याही अशाच निजून ते कमळ पाहत असत.

गेल्या दोन वर्षांपासून माझ्या बॅगेत ३५ आणि ८५ एवढ्याच लेन्स असतात. दोन्ही मिळून ६५५ ग्रॅम. २० मी देवळे आणि वाडे पाहायला जाताना नेते, हलशीला किंवा देगावला, जिथे गाभाऱ्यासमोरची जागा आखूड असते. ५० कपाटात राहिली आणि त्याची किंमत मला मोजावी लागली. आमच्याकडचा पाऊस लेन्सला मानवत नाही. जून ते सप्टेंबर ती कातडी डबीत बंद होती आणि दसऱ्याला उघडून उजेडासमोर धरली तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली होती. आता सिलिका जेलच्या पुड्या घातलेला हवाबंद डबा आहे, पावसाळ्यात दर रविवारी सगळ्या लेन्स बाहेर काढून थोडा वेळ कोवळ्या उन्हात ठेवते, आणि जी लेन्स वर्षभर मी नेणार नाही ती कोणाला तरी नेता यावी, अशी व्यवस्था करते.

म्हणूनच झूम आता खानापूरला बहिणीकडे आहे. भाचा दहावीत आहे. त्यांच्या घरामागे ओढा आहे, ओढ्यापलीकडे उंबराचे झाड आहे आणि उंबर पिकले की त्यावर धनेश उतरतात. पावसाळ्यात तो ओढा ओलांडता येत नाही, आणि ओलांडता आला तरी पक्षी थांबणार नाहीत. अंतर साधारण ४० मीटर. ३०० ने तिथे पावणेपाच मीटरांहून थोडी जास्त रुंदी मिळते, त्यात पक्षी लहानच येतो. मागच्या आठवड्यात त्याने मला एक फोटो पाठवला. फांद्यांच्या गर्दीत, डाव्या कोपऱ्याकडे, चोचीत उंबर धरलेला एक धनेश होता, नखाएवढा, पण डोळा स्वच्छ आलेला. खाली त्याने लिहिले होते, “मावशी, ओढ्याच्या अलीकडच्या काठावर बाभळ आहे, तिच्यावर चढलो तर आणखी सहा मीटर मिळतात. आईला सांगू नको.”

मी हिशेब केला. ४० मधून सहा गेले की ३४ मीटर, म्हणजे चार मीटरांहून थोडी जास्त रुंदी. मग त्याला फोन करून आधी बाभळीच्या काट्यांबद्दल विचारले.